टेडीचा कुबट वास धुऊनही का जात नाही? कारण वास अंगावर नाही, पोटात असतो!

पावसाळा सुरू झाला की घरात एक वास हळूच शिरतो. आधी तो टॉवेलांना येतो, मग कपाटातल्या साड्यांना, मग शाळेच्या बुटांना आणि एक दिवस पोराच्या लाडक्या टेडीलाही. पोर मात्र त्याच टेडीच्या पोटात नाक खुपसून गाढ झोपलेलं असतं. मग रविवारी टेडी पळवला जातो, साबणाच्या पाण्यात बुचकळला जातो आणि दोन्ही कानांना चिमटे लावून दोरीवर टांगला जातो. दोन दिवसांनी दिसायला अगदी नवा कोरा. चौथ्या दिवशी वास परत, आणि आता आधीपेक्षा जास्त!

दोष बहुतेक वेळा साबणाला दिला जातो. महागडी पावडर येते, कंडिशनर येतो, शेवटी कोणीतरी परफ्यूमचा फवारा मारतं आणि टेडीला लग्नाच्या हॉलसारखा वास यायला लागतो. खरं तर यात साबणाचा संबंध फार थोडा. टेडी धुणं सोपं आहे. त्याला आतपर्यंत वाळवणं अवघड आहे, आणि वासाचं मूळ तिथेच आहे.

टेडीच्या पोटात असतं तरी काय?

हल्लीच्या बहुतेक सॉफ्ट टॉइजचं बाहेरचं केसाळ कापड पॉलिएस्टरचं असतं. आतला ज्याला आपण 'कापूस' म्हणतो, तोही कापूस नसतो. उश्यांमध्ये भरायला रेक्रॉन म्हणून मिळतो, तसाच पॉलिएस्टरचा तंतू असतो. हा तंतू स्वतः पाणी जवळपास पीतच नाही. सुती धागा हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंत धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, मग चांगलंच की, लवकर वाळेल. शर्ट वाळतोही लवकर. पण टेडी म्हणजे एकपदरी शर्ट नव्हे. तंतूंच्या त्या गुंत्यात पाणी स्पंजसारखं अडकून बसतं, तिथवर वारा पोचत नाही, आणि वरचं कापड मात्र तासा-दोन तासांत कोरडं होतं. हात लावला की वाटतं, वाळला. पोटात ओल तशीच.

दुसरी गोष्ट तेलाची. पॉलिएस्टरचं पाण्याशी जमत नसलं तरी तेलाशी चांगलंच जमतं. घामातला तेलकटपणा, लाळ, हाताला लागलेलं तूप आणि आपल्याकडे तर पोरांच्या डोक्यावर चोपडलेलं खोबरेल! हे सगळं त्या धाग्याला चिकटून राहतं, आणि ते जिवाणूंचं आवडतं खाणं आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक गमतीशीर अभ्यास प्रसिद्ध केला होता. २६ जणांनी तासभर व्यायामाची सायकल दामटली, मग त्यांचे घामेजलेले टी-शर्ट २८ तास ठेवून दिले आणि नंतर ते हुंगले गेले. (हुंगणाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.) पॉलिएस्टरच्या शर्टांचा वास सुती शर्टांपेक्षा जास्त वाईट निघाला आणि त्यांच्यावर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू चांगलेच फोफावलेले आढळले.

आता तो 'न वाळलेल्या कपड्यांचा' खास कुबट वास. २०१२ साली जपानमधल्या काओ कंपनीच्या संशोधकांनी त्याच्यामागचा मुख्य आरोपी शोधला: मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू. कपड्यांवरचा घाम आणि तेल खाऊन तो एक आम्ल तयार करतो, आणि त्या आम्लाचाच तो वास. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की हा जिवाणू कोरडेपणा आणि अतिनील किरण इतर साध्या जिवाणूंपेक्षा बराच जास्त सहन करतो. म्हणून उन्हात ठेवलेल्या टेडीचा वास गेल्यासारखा वाटतो आणि हवा दमट झाली, किंवा पोराने झोपेत लाळ गाळली, की परत येतो. जिवाणू मेलेलेच नसतात, पाण्याची वाट बघत बसलेले असतात.

वासाला आधी नाव द्या

मराठीत वासासाठी शब्द भरपूर आहेत आणि इथे ते फार उपयोगी पडतात. टेडी नाकाशी धरा आणि ठरवा: कुबट आहे, आंबूस आहे, खवट आहे की लघवीचा? प्रत्येकाचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

कुबट म्हणजे ओल. त्याबद्दल वर बोललोच, आणि त्याचा उपाय वाळवणं, ते पुढे सविस्तर येतंय.

आंबूस वास बहुतेक दूध सांडल्याचा किंवा उलटीचा असतो. गाई-म्हशीच्या दुधातली चरबी फुटली की ब्युटिरिक आम्ल सुटतं, उलटीच्या वासातही तेच असतं. आम्ल आहे म्हणजे त्याच्यावर सोडा चालतो. एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून टेडी त्यात अर्धा तास ठेवा, मग नेहमीसारखा धुवा. सोड्यामुळे त्या आम्लाचं मीठ बनतं, ते हवेत उडत नाही, म्हणून वास येत नाही. मात्र खाण्याचाच सोडा घ्या. धुण्याचा सोडा वेगळा, तो बराच तिखट असतो आणि पोराच्या त्वचेला त्रास देऊ शकतो.

लघवीचं गणित उलटं आहे. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात तेव्हा तो डोळ्यांत झोंबणारा उग्र वास सुटतो. अमोनिया अल्कधर्मी, म्हणून इथे आम्ल हवं: एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि चार वाट्या पाणी. आधी टेडीच्या बगलेत किंवा पायाखाली थोडं लावून रंग जात नाही ना ते बघा. मग डाग असेल तिथे हे पाणी आतवर मुरू द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी धुवा. डाग वरवर पुसून काही होत नाही, कारण लघवी पोटातल्या फायबरपर्यंत गेलेली असते.

खवट वास तेलाचा. नाक, कान, हात अशा सतत कुरवाळल्या जाणाऱ्या जागा तेलकट होऊन चिपकलेल्या दिसतात आणि त्यांना जुन्या फरसाणासारखा वास येतो. इथे सोडाही नको आणि व्हिनेगरही. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पाण्यात घेऊन जुन्या टूथब्रशने हलकं चोळा. ताटातलं तेल काढणारी वस्तू टेडीवरचंही तेल काढते, एवढं साधं आहे.

आणि हो, सोशल मीडियावर फिरणारा तो व्हिडिओ. सोडा टाकायचा, वर व्हिनेगर ओतायचं, फसफस फेस येतो आणि खाली शेकडो लोक 'मॅजिक!' लिहितात. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइड. आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवून टाकतात आणि मागे उरतं खारट पाणी. दोन चांगल्या वस्तूंचं भांडण लावून दोन्ही वाया घालवल्या, दुसरं काही नाही. एका वेळी एकच वापरा.

धुताना

आधी टेडीच्या बुडाशी शिवलेलं लेबल वाचा. पोट दाबल्यावर गाणं म्हणणारा असेल तर शिवण उसवून बॅटरीचा डबा बाहेर काढल्याशिवाय पाण्यात घालू नका, आणि ती छोटी गोल बॅटरी पोराच्या हाती लागणार नाही याची काळजी घ्या. आत भुसा भरलेली जुनी खेळणी पाण्यात बुडवायचीच नाहीत. त्यांना कोरडा सोडा: टेडी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, वरून दोन-तीन चमचे सोडा भुरभुरवा, पिशवी हलवा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी बाल्कनीत ब्रशने झटका. थर्माकोलच्या मण्यांचं खेळणं हाताने, गार पाण्यात धुवा आणि ते पोरासमोर उघडू नका. ते मणी नाका-तोंडात जातात.

बाकीच्यांसाठी पाणी हाताला कोमट लागेल इतकंच. पावडरच्या पुड्यावर एन्झाइमचा उल्लेख असेल तर अर्धा तास भिजू द्या, कारण एन्झाइमला काम करायला वेळ लागतो आणि उकळत्या पाण्यात ते निकामी होतं. पावडर कमीच टाका. फायबरमध्ये अडकलेला साबण खळबळून निघत नाही, आणि बोअरचं जड पाणी असेल तर त्याची चिकट साय बसते. शेवटच्या पाण्यात लिटरला दोन चमचे व्हिनेगर घातलं तर ती सुटायला मदत होते. कंडिशनर मुळीच नको. तो धाग्यावर तेलकट लेप देतो, म्हणजे वासाला आणखी एक घर.

खरी लढाई: वाळवणं

टेडी पिळू नका. पिळल्यावर फायबरचे गोळे होतात आणि त्या गोळ्यांतच ओल दडून राहते. वॉशिंग मशीन असेल तर टेडी उशीच्या अभ्र्यात घाला, तोंड बांधा आणि नुसतं स्पिन लावा. पोटातलं जे पाणी वाऱ्याने निघायला दिवस लागला असता, ते मशीन काही मिनिटांत फेकून देतं. मशीन नसेल तर जाड टॉवेलात गुंडाळून त्यावर सरळ गुडघा टेकून दाबा, टॉवेल बदला, परत दाबा. टॉवेल ओला होणं थांबेपर्यंत.

कानाला चिमटे लावून टांगण्याने दोन गोष्टी होतात: शिवण ताणली जाते आणि सगळं पाणी बुडाशी गोळा होतं. त्यापेक्षा कपडे वाळवायच्या स्टँडवर आडवा ठेवा, खालून-वरून हवा लागेल असा, आणि समोर पंखा लावा. दर दोन तासांनी कूस बदला आणि बोटांनी चिमटून आतला फायबर मोकळा करा. पोटापेक्षा मान, बगल आणि पायाचे जोड जास्त वेळ ओले राहतात.

जुलैमध्ये मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढेच असते. अशा हवेत पाणी घ्यायला जागाच थोडी, म्हणून बंद खोलीत पंखा लावून तीच दमट हवा फिरवत बसण्यात अर्थ नाही. बाहेर पाऊस थांबला असेल तेव्हा खिडकी उघडा. घरात एसी असेल तर रात्री त्याच खोलीत टेडी ठेवा आणि 'ड्राय' मोड लावा, ते बटण याच कामासाठी आहे. ऊन मिळालं तर उत्तमच, पण त्याचा फायदा उष्णतेचा आणि वाऱ्याचा. ऊन लागतं ते कापडाला, पोटातल्या फायबरपर्यंत किरण जात नाहीत. हेअर ड्रायर कोमटवर आणि लांबून. गरम झोताने पॉलिएस्टरचे केस वितळून कडक होतात आणि टेडीचा टूथब्रश होतो.

ओल्या वस्तूवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. तेव्हा एका दिवसात आतपर्यंत वाळेल अशी खात्री नसेल, तर भर पावसात टेडी धुवायला काढूच नका. कोरड्या सोड्यावर वेळ मारून न्या आणि उघडीप मिळाली की धुवा. मोठं काम असेल तर ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखून ठेवा.

पण वाळला हे कळणार कसं? हात लावून नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. धुण्याआधी कोरड्या टेडीचं वजन करून लिहून ठेवा. समजा, ३५० ग्रॅम होता. वाळल्यासारखा वाटला तेव्हा ३८० भरला, तर पोटात अजून ३० ग्रॅम पाणी आहे, म्हणजे पोह्यांवर शिंपडायला घ्याल तितकं, दोन मोठे चमचे. वजन मूळच्या आकड्यावर आलं की झालं. काटा नसेल तर टेडी स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन-तीन तास उबदार जागी ठेवा. पिशवी आतून धुरकट झाली किंवा उघडल्यावर नाकात कुबट भपका आला, तर परत पंख्याखाली.

इतकं करूनही वास येत असेल तर शस्त्रक्रिया. पाठीची शिवण उसवा, सगळा फायबर काढून टाका, नुसती कातडी उलटी करून धुवा. ती शर्टासारखी वाळते. नवा फायबर भरा आणि टाके बाहेर दिसणार नाहीत असे शिवून टाका. खर्च थोडा आणि जुनाट वासावर याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. फक्त हे पोर शाळेत गेल्यावर करा. लाडक्या टेडीचं पोट फाडलेलं बघणं कोणालाच सोसत नाही.

डांबर गोळी टेडीजवळ नको

आता सगळ्यात गंभीर भाग. कपाटात वास येतो म्हणून डांबर गोळ्या टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, आणि वरच्या कप्प्यात ठेवलेली खेळणीही त्याच कपाटात असतात. यातल्या पांढऱ्या गोळ्या बहुतेक नॅफ्थलीनच्या. नॅफ्थलीन न वितळता थेट हवेत उडतं आणि कापडात, फायबरमध्ये मुरून बसतं.

काही मुलांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. हे आनुवंशिक आहे, मुलग्यांमध्ये जास्त आढळतं, आणि बरेचदा आई-वडिलांना त्याचा पत्ताही नसतो, कारण एरवी पोर ठणठणीत असतं. अशा बाळाला नॅफ्थलीनची वाफ लागली, किंवा गोळ्यांत ठेवलेले कपडे, दुपटी अंगाला लागली, तर तांबड्या रक्तपेशी फुटायला लागतात. बाळ फिकट पडतं, कावीळ होते, लघवी गडद रंगाची होते. नवजात बाळांना धोका सगळ्यात जास्त. असं काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा आणि डांबर गोळ्यांचा उल्लेख आवर्जून करा. गोळ्यांच्या कपाटातून काढलेलं खेळणं धुऊन आणि दोन-चार दिवस मोकळ्या हवेत ठेवूनच मुलाला द्या. गोळीचा वास अजून येत असेल तर नॅफ्थलीन अजून तिथे आहे.

'मग कापूर ठेवू, तो तर देवाचा' असं अनेकजण म्हणतात. कापराची वडी लहान मुलाने गिळली तर थोड्या वेळात फिट येऊ शकते. टेडीच्या आसपास तीही नको. ब्लीच तर लांबच ठेवा. ते व्हिनेगरमध्ये मिसळलं की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो आणि लघवीच्या डागावर ओतलं की क्लोरामाइन. बंद बाथरूममध्ये हे प्रयोग जिवावर बेतू शकतात.

फ्रीझरचा उपाय मात्र खोटा नाही, फक्त तो वासाचा नाही. दम्याच्या किंवा सतत शिंकणाऱ्या मुलांना धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा त्रास असतो आणि सॉफ्ट टॉइज हे त्या किड्यांचं हक्काचं घर. टेडी पिशवीत बांधून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवला की किडे मरतात. पण त्यांची विष्ठा आणि मेलेली अंगं तिथेच राहतात, ॲलर्जी त्यांचीच असते, म्हणून नंतर धुणं आलंच. वासाचे जिवाणू थंडीत नुसते झोपतात.

नव्या खेळण्याला येणारा केमिकलचा वास रंगाचा, गोंदाचा असतो. एकदा धुऊन चार दिवस वाऱ्यावर ठेवला की बहुधा जातो. गेला नाही, तर ते खेळणं तोंडात घालणाऱ्या मुलाला देऊ नका. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. जत्रेत, सिग्नलवर घेताना ते शोधा.

पोराचं म्हणणं काय?

आता दुसरी बाजू. आपल्याला घाण वाटणारा वास पोराला हवा असतो. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लहान मुलांच्या अशा लाडक्या वस्तूंवर लिहिलं. ती गोधडी किंवा ते खेळणं म्हणजे आई जवळ नसताना मुलाने स्वतः शोधलेला आधार, असं त्यांचं निरीक्षण. त्यांनी हेही नोंदवलं की आया ती वस्तू मळू देतात, तिला वास येऊ देतात, कारण धुतली तर मुलाच्या अनुभवात खंड पडेल हे त्यांना उमगलेलं असतं. म्हणजे फुलांच्या सुगंधात न्हालेला टेडी बघून पोर भोकाड पसरतं, तेव्हा तो हट्ट नसतो. त्याच्या नाकाच्या दृष्टीने तो टेडी बदललेला असतो.

म्हणून बिनवासाची पावडर वापरा. पोराला सांगून धुवा, चोरून नको. 'टेडीची आंघोळ' म्हटलं आणि मग हातात दिला की तेच चोळायला पुढे येतं. सकाळी लवकर धुवा, रात्री टेडी वाळला नसेल तर पोर तो ओलाच कुशीत घेणार. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात झोपताना सॉफ्ट टॉय ठेवायचंच नसतं, श्वास कोंडण्याचा धोका असतो. जीव एकाच टेडीवर जडलाय असं दिसलं तर तसाच दुसरा लगेच आणा आणि दोघांना आलटून-पालटून वापरायला लावा, म्हणजे दोघांनाही तोच वास लागतो. वर्षभराने आणलेला जुळा भाऊ पोरं ओळखतात आणि नाकारतात.

काही टेडी वाचवता येत नाहीत. शिवण उसवल्यावर आत काळे-हिरवे ठिपके दिसले तर फायबर फेका, आणि ठिपके कापडाच्या आतल्या बाजूलाही असतील तर टेडीही. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात किंवा २०२१ ला चिपळुणात घरांत शिरलं तसं पुराचं पाणी ज्या खेळण्यात मुरलं, ते धुऊन परत देऊ नका. त्या पाण्यात गटाराचं, संडासाचं सगळं मिसळलेलं असतं. प्लास्टिकचे डोळे किंवा बटणं तेवढी काढून गरम पाण्यात साबणाने धुऊन घेता येतात, आणि नव्या टेडीला घट्ट शिवता येतात.